मृणालताई गोरेंना आदर्श मानायचंय? मग आधी एक वही घ्या

तीन वर्षांपूर्वी महिला दिनाला आमच्या सोसायटीत छोटा कार्यक्रम होता, त्यात मी मृणाल गोरेंवर, म्हणजे पाण्यासाठी लढणाऱ्या गोरेगावच्या समाजवादी नेत्या "पाणीवाली बाई" यांच्यावर, पाच मिनिटं बोलले. लाटणं मोर्चा, आणीबाणीतला तुरुंगवास, 1977 च्या निवडणुकीतली ती "पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में" घोषणा (दिल्लीवाली म्हणजे इंदिरा गांधी), सगळं आलं त्यात आणि टाळ्याही पडल्या. नंतर चहाच्या वेळी तळमजल्यावरच्या आजी जवळ आल्या आणि म्हणाल्या, "छान बोललीस गं, पण ते पाणी त्यांनी आणलं कसं, ते नाही सांगितलंस." मला खरंच माहीत नव्हतं. ज्या बाईंना मी माझा आदर्श म्हणत होते त्या सकाळी उठून नेमकं काय काम करायच्या हेच मला ठाऊक नव्हतं, आणि ते मला फार लागलं.

तेव्हापासून मी जे काही केलं, जिथे चुकले, काय जमलं ते इथे लिहितेय. कुणाला आदर्श मानणं म्हणजे डीपीला फोटो लावणं नाही एवढं सगळ्यांनाच कळतं, पण मग करायचं काय हे कुणी सांगत नाही. मी मृणालताईंचं उदाहरण घेतलंय कारण मी उपनगरात राहते आणि पाणी हा माझ्याही घरातला प्रश्न आहे. तुम्ही दुसऱ्या कुणाला घेत असाल तरी रीत साधारण हीच.

सुरुवात तारखांपासून करा, आणि गोष्टींच्या आधी करा. वहीचं एक पान आडवं घ्या, डावीकडे साल, मधे त्यांचं वय, उजवीकडे काय घडलं. मृणालताईंचा जन्म 24 जून 1928 चा. माहेरचं आडनाव मोहिले. डॉक्टरकीचं शिक्षण अर्धवट सोडून त्या राष्ट्र सेवा दलात आणि समाजवादी पक्षाच्या कामात आल्या, केशव गोरेंशी लग्न झालं, लोक त्यांना बंडू गोरे म्हणायचे, आणि दोघं गोरेगावात राहून काम करायला लागले. 1958 मध्ये केशवराव गेले. आता मधल्या रकान्यात वय लिहा, तीस. तीस वर्षांची बाई, पदरात लहान मुलगी आणि नवऱ्यासोबत उभं केलेलं काम अर्ध्यावर. तीनच वर्षांनी, 1961 ला, त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. हे वय मी वहीत लिहिलं तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि तो आकडा बघून बराच वेळ तशीच बसून राहिले. आपण या बायकांना कायम म्हातारपणीच्या फोटोत बघतो, पांढरे केस, चष्मा, सुती साडी, त्यामुळे वाटतं की त्या जन्मतःच तशा होत्या आणि आपल्याला अजून खूप वेळ आहे. वयाचा रकाना हा समज पुसून टाकतो म्हणून तो गाळू नका.

तारखा लिहिताना प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी सापडली तरच वहीत घ्यायची हा नियम पाळा. व्हॉट्सअ‍ॅपवर थोर बायकांच्या नावाने फिरणारी वाक्यं तर अजिबात घेऊ नका, त्यातली कितीतरी त्यांनी कधी उच्चारलेलीच नसतात. ग्रंथालयात जा, जुनी वर्तमानपत्रं मागा, विधिमंडळात झालेल्या चर्चा छापलेल्या असतात त्या शोधा. आणि सगळ्यात भारी साधन म्हणजे तुमच्याच घरातल्या, चाळीतल्या सत्तरी-पंचाहत्तरीच्या बायका. "तुम्हाला मृणाल गोरे आठवतात का" असं विचारलं तर "हो, मोठी बाई होती" एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा "1972 साली तुम्ही रॉकेल कुठून आणायचात" असं विचारा आणि मग नुसतं ऐका. रेशनची रांग, दुष्काळ, साखर मिळेना, तेल मिळेना, सकाळी डबा लावून नंबर धरायचा, आणि मग त्यातूनच आपोआप येतं की हो, आम्ही पण गेलो होतो थाळ्या वाजवायला.

त्या थाळ्यांचं थोडं सांगते, कारण आदर्श म्हणून काय उचलायचं हे मला तिथे कळलं. 1972 मध्ये महागाईविरुद्ध बायकांची एक संयुक्त समिती झाली, महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती. त्यात मृणालताई समाजवादी, प्रमिला दंडवतेही समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी कम्युनिस्ट, तारा रेड्डी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या. या पक्षांचं एकमेकांशी किती वाजायचं ते जुन्या माणसांना विचारा. तरी तेल, रवा, साखर, रॉकेल एवढ्यावर या सगळ्या एकत्र बसल्या, आणि ज्या बायका कधी कुठल्या पक्षाच्या सभेला गेल्या नव्हत्या त्या हजारोंनी रस्त्यावर आल्या, हातात काय तर लाटणं आणि थाळी. मला यातली मोठी गोष्ट वाटते ती म्हणजे वस्तूची निवड. झेंडा हातात घ्यायचा तर आधी पक्ष निवडावा लागतो, घरी विचारावं लागतं, भीती वाटते. लाटणं प्रत्येकीच्या घरात होतंच आणि ते हातात घ्यायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

म्हणून वहीत दुसरं पान करा आणि त्यावर फक्त क्रियापदं लिहा. निर्भीड, तेजस्वी, झुंजार, कणखर हे शब्द भाषणात शोभतात, पण उद्या सकाळी उठून मी झुंजार कशी होऊ? त्याऐवजी त्या काय करायच्या ते लिहा. वस्तीत जायच्या. नळावर उभ्या राहून बायकांचं ऐकायच्या. हंडे घेऊन बायकांना पालिकेच्या ऑफिसवर न्यायच्या, आणि बाहेर घोषणा झाल्या की आत सभागृहात तोच प्रश्न नियमाच्या भाषेत मांडायच्या. उत्तर नाही मिळालं तर पुन्हा मांडायच्या. आजींच्या प्रश्नाचं उत्तर हेच होतं खरं तर, पाणी एका मोर्चाने आलं नाही, मोर्चा आणि कागद दोन्ही बरोबर चालले आणि वर्षानुवर्षं चालले तेव्हा आलं. 1957 मध्ये मुंबई पालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली होती, म्हणजे गोरेगाव मुंबईत आलं होतं, पण पाइपलाइन काही हद्दीच्या रेघेबरोबर धावत येत नाही. त्यातून झोपडपट्टी असेल तर तुम्ही अनधिकृत, तुम्हाला पाणी देता येत नाही असं उत्तर ठरलेलं. मृणालताईंचं म्हणणं साधं होतं, घर अधिकृत असो नसो, माणसाला तहान लागतेच. हा वाद पुढे किती वर्षं चालला बघा, 2014 साली मुंबई हायकोर्टाला सांगावं लागलं की घर बेकायदा आहे म्हणून माणसाला पाणी नाकारता येणार नाही.

क्रियापदांच्या पानावर दहाबारा गोष्टी होतील. त्यातली फक्त एक निवडायची आणि वर्षभर तेवढीच करायची. इथे मी पहिल्यांदा चुकले. मी उत्साहात चार धरल्या, वस्तीत जाणं, वाचनगट, तक्रारी आणि मुलींसाठी वर्ग, आणि अडीच महिन्यात सगळं बारगळलं, नवऱ्याला वाटलं हे खूळ उतरलं आणि मलाही आतून तसंच वाटायला लागलं होतं. मग एकच ठेवलं, नळावर उभं राहायचं आणि जे दिसतं ते लिहायचं.

आता हे प्रत्यक्ष कसं करायचं ते जरा सविस्तर सांगते कारण इथेच बहुतेक लोक सोडून देतात.

तुमच्या इमारतीत किंवा गल्लीत पाणी किती वाजता येतं, किती वाजता जातं, हे रोज लिहा. नुसतं "आज कमी आलं" लिहून चालत नाही. वीस लिटरची बादली घ्या, मोबाइलवर वेळ लावा, भरायला किती मिनिटं लागली ते लिहा. एकाच नळावर, एकाच वेळी. पंधरा दिवस. आमच्याकडे आम्ही तिघी आळीपाळीने करायचो, एक तळमजल्यावर, एक आमच्या मजल्यावर, एक शेजारच्या बैठ्या घरांमध्ये, आणि चौथ्याच दिवशी लक्षात आलं की बैठ्या घरांना आमच्यापेक्षा वीस मिनिटं उशिरा पाणी येतं आणि आधी जातं, म्हणजे आम्ही कमी प्रेशरची तक्रार करत होतो आणि त्यांच्या तर हंड्यालाच पाणी पुरत नव्हतं. मी या इमारतीत अकरा वर्षं राहते आणि हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी तक्रारीचा विषयच बदलला. चावीवाल्याशीही बोला, म्हणजे जो व्हॉल्व्ह उघडायला येतो तो माणूस, त्याच्यावर ओरडू नका, त्याला कोणत्या लाइनला कुठे गळती आहे हे साहेबापेक्षा जास्त माहीत असतं.

मग अर्ज. मुंबईत असाल तर पालिकेच्या 1916 या हेल्पलाइनला फोन करून तक्रार नंबर घ्या, पण तेवढ्यावर थांबू नका, वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्या. अर्ज एका पानाचा, विषय एकच, पंधरा दिवसांचे आकडे जोडलेले, खाली जितक्या सह्या मिळतील तितक्या. दोन प्रती न्यायच्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक घेतल्याशिवाय काउंटर सोडायचा नाही. ही पोच म्हणजे तुमचं लाटणं आहे हे लक्षात ठेवा. आमचा पहिला अर्ज एका ऑफिसातून हरवला, तिथे सांगितलं असा अर्ज आलाच नाही, आणि आमच्याकडे पोच नव्हती कारण कारकून म्हणाला होता ठेवून जा मॅडम, शिक्का संपलाय. पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा मी घरी येऊन रडले हे खरं, पण दुसऱ्या अर्जाला आमच्यासोबत बैठ्या घरांतल्या सात बायका आल्या होत्या आणि शिक्का लगेच सापडला.

महिनाभरात काही झालं नाही तर माहिती अधिकार. 2005 चा कायदा, महाराष्ट्रात दहा रुपये शुल्क, अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत ठेवायचा, तीस दिवसांत उत्तर यायला हवं, नाही आलं किंवा गोलमाल आलं तर पहिलं अपील, त्याला वीस रुपये. प्रश्न "पाणी का येत नाही" असा विचारू नका, त्याला उत्तर म्हणून तुम्हाला मतं मिळतील. "अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर आजपर्यंत केलेल्या कार्यवाहीच्या नोंदींच्या प्रती द्या" असं लिहा. जी कागदावर आहे तीच माहिती मागायची. मृणालताईंच्या वेळी हा कायदा नव्हता, तेव्हा सभागृहात जाऊनच माहिती काढावी लागायची. आपल्या हातात तो आहे आणि तो वापरायचा नाही म्हणजे त्यांचं नाव घेऊन घरी बसणं.

कोर्टाचंही तसंच. 1981-82 मधलं सिमेंट प्रकरण तुम्ही ऐकलं असेल, सिमेंटची टंचाई होती, परवाने देताना ट्रस्टसाठी देणग्या घेतल्या गेल्या असा आरोप होता, त्यात हायकोर्टात जाणाऱ्यांमध्ये मृणालताई आणि त्यांचे सहकारी बाबूराव सामंत होते, आणि जानेवारी 1982 मधल्या निकालानंतर मुख्यमंत्री अंतुलेंना खुर्ची सोडावी लागली. रस्त्यावर लढणारी बाई म्हणून त्यांची ओळख आहे पण मला वाटतं त्या कागदावरही तितक्याच पक्क्या होत्या, आणि हा भाग भाषणांमध्ये येत नाही कारण त्यात घोषणा नाहीये. गर्भलिंग चाचणीच्या विरोधातलं त्यांचं अशासकीय विधेयकही बघा. ती लढाई कितीतरी कार्यकर्त्यांनी मिळून लढली, पण आत विधानसभेत तो विषय नेणारं कुणीतरी लागतं. महाराष्ट्राने 1988 मध्ये कायदा केला, देशात असा कायदा करणारं पहिलं राज्य, आणि केंद्राचा कायदा यायला 1994 उजाडलं.

काय घ्यायचं हे झालं, आता काय घ्यायचं नाही तेही ठरवा, आणि ते ठरवताना अपराधी वाटून घेऊ नका. मृणालताईंनी डॉक्टरकी सोडली. हे वाचून एका कॉलेजातल्या मुलीने मला विचारलं होतं की मी पण सोडू का, माझं मन नाही लागत. मी तिला म्हटलं, नको. तो काळ स्वातंत्र्याच्या आसपासचा होता, घरदार सोडून पूर्ण वेळ काम करणारी एक पिढीच्या पिढी भोवती होती, सोबत होती, आधार होता. तू आज एकटी सोडशील तर तुला धरायला तसं कोण आहे? तू डॉक्टर हो आणि त्यांच्यासारखी वस्तीत जा. आदर्शाच्या आयुष्यातला निर्णय उचलताना त्याच्या भोवतीची माणसं पण आपल्याकडे आहेत का हे बघायचं, नाहीतर आपण फक्त त्याग उचलतो आणि बळ तिथेच राहतं.

आणि त्या एकट्या नव्हत्या हे पुन्हा पुन्हा सांगा, विशेषतः मुलांना गोष्ट सांगताना. आपल्याला एकच मूर्ती करायची सवय आहे, मग बाकीच्या बायका फोटोतून कापल्या जातात. मी माझ्या मुलीला लाटणं मोर्चा सांगते तेव्हा चारही नावं सांगते, 1977 ला मृणालताई मुंबई उत्तरमधून लोकसभेत गेल्या तेव्हा अहिल्याताईही मुंबईतूनच निवडून गेल्या होत्या हेही सांगते, आणि शेवटी सांगते की ज्यांची नावं कुठेच लिहिलेली नाहीत अशा बायका सगळ्यात जास्त होत्या, त्यातली एक तळमजल्यावरची आजी. माझी मुलगी आता आजींकडे जाऊन विचारते तुमचं लाटणं दाखवा. आजींनी ते अजून ठेवलंय, एका बाजूला चिरलेलं.

गोरेगावात जाऊन याच, मुंबईत असाल तर काहीच अवघड नाही. पश्चिमेला आरे रोडवर केशव गोरे स्मारक आहे, तिथे आजही कार्यक्रम चालू असतात. या ट्रस्टचंच स्वाधार, घरात छळ होणाऱ्या, अडचणीतल्या बायकांसाठीचं केंद्र, 1983 पासूनचं. मग पूर्वेला दिंडोशीत नागरी निवारा बघा. जमीन कमाल धारणा कायदा होता, श्रीमंतांकडची जादा जमीन सरकारने घ्यायची आणि गरजूंच्या घरांसाठी वापरायची असं त्यात होतं, पण प्रत्यक्षात होत नव्हतं. मृणालताई, बाबूराव सामंत आणि सहकाऱ्यांनी त्यासाठी नागरी निवारा परिषद काढली, वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि मध्यमवर्गीय, कमी उत्पन्नाच्या हजारो कुटुंबांची घरं तिथे उभी राहिली. मी तिथल्या रस्त्यावरून चालत गेले, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, खाली सायकल चालवणारी पोरं, भाजीची गाडी. आता त्यांच्या नावाचा गोरेगावात उड्डाणपूलही आहे पण मला विचाराल तर त्यांचा पुतळा बघायचाच असेल तर तो म्हणजे ही कपडे वाळत घातलेली घरं.

एक अडचण मात्र येईल, लोक विचारतील तुम्ही कुठल्या पक्षाच्या. मला विचारलं गेलं, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वादही झाला, एका काकांनी लिहिलं की ही समाजवादी मंडळी अशीच. मी वाद घातला नाही, पुढच्या दिवशीचे बादलीचे आकडे टाकले. दोन आठवड्यांनी तेच काका सही करायला आले, कारण पाणी त्यांच्याकडेही येत नव्हतं. मृणालताईंची सगळी मतं पटलीच पाहिजेत असं काही नाही, मलाही काही पटत नाहीत, उदाहरणार्थ मोठ्या वीज प्रकल्पांबाबत मी वेगळा विचार करते. पण मत पटत नाही म्हणून कामाची रीत टाकून द्यायची नाही.

पुरुषांनीही हे करावं. बाईला आदर्श मानायचं ते बायकांनीच असं काही नसतं. आमच्याकडे सकाळी सहाची नोंद करायला दुसऱ्या विंगमधला एक मुलगा येतो, नाइट शिफ्टवरून येताना, हातात डबा असतो आणि आधी बादली लावतो.

आमचं पाणी आलं का? बैठ्या घरांची जुनी लाइन बदलून मिळाली, त्याला पहिल्या नोंदीपासून सतरा महिने लागले. आमच्या इमारतीचं प्रेशर अजून कमीच आहे, दुसरं अपील चालू आहे.

आणि एक शेवटचं काम, जे मी या जूनमध्ये केलं. वर्षातून एकदा, 24 जूनला किंवा 17 जुलैला, 2012 मध्ये त्या गेल्या ती तारीख, हार घालण्याऐवजी फाइल उघडा. किती अर्ज, किती उत्तरं, काय राहिलं ते एका कागदावर लिहा आणि फाइल कुणा दुसऱ्याच्या हातात द्या, नाहीतर ती तुमचीच होऊन बसते. मी आमची वही दुसऱ्या मजल्यावरच्या बारावीतल्या मुलीला दिली. तिने पहिल्याच आठवड्यात त्यात एक नवीन रकाना पाडलाय, टँकरला किती पैसे दिले त्याचा, जो आम्हा तिघींनाही सुचला नव्हता.